नवी बॅटरी, नवा रेग्युलेटर, तरी सेल्फ उचलत नाही: स्टेटर बदलण्याआधी काय काय तपासू?

घाटमाथा_350

नमस्कार मंडळी. स्टेटरवर (इंजिनातली वीज तयार करणारी कॉइल) पैसे घालण्याआधी खात्री करून घ्यायची आहे, म्हणून सगळी माहिती एकदम देतो.

गाडी 350 सीसी, एक सिलिंडर, कार्ब्युरेटरवाली, 2018 सालची. एएचओ (ऑटोमॅटिक हेडलॅम्प ऑन) असल्यामुळे इंजिन चालू झालं की हेडलाइट चालूच. बॅटरी 12 व्होल्ट, 14 अँपिअर-तास, सीलबंद आणि नवीन. मॅग्नेटोकडून तीन पिवळ्या वायरी येतात. जादा सामान म्हणाल तर 20 वॅटचे दोन एलईडी फॉग, रिलेमधून थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून घेतलेले, आणि एक जीपीएस ट्रॅकर.

दोन रात्री गाडी उभी राहिली की सेल्फ नुसता ‘टक’ करतो. किक मारली की गाडी लगेच सुरू होते आणि रस्त्यात कुठेही बंद पडत नाही. गॅरेजमध्ये रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारं युनिट) बदलून झाला, फरक पडला नाही. आता कॉइल प्लेट, म्हणजे स्टेटर, गेली असं सांगतात. साध्या डिजिटल मीटरने बॅटरीवर पाहिलं तर रेस केल्यावर, फॉग चालू ठेवून, 13.0 येतात. फॉग बंद केले की 13.8. यावरून स्टेटर गेला असं म्हणता येईल का? नसेल तर कुठून सुरुवात करू?

सहा_डायोड

नाही, एवढ्यावरून स्टेटर गेला असं म्हणता येणार नाही. 13.0 चा अर्थ इतकाच की बॅटरीच्या पदरात पुरेसं चार्जिंग पडत नाही. ते मुळात तयारच होत नाही की तयार होऊन वाटेत हरवतं, हे पाहायचं राहिलंय. गॅरेजमध्ये नेमका हाच टप्पा सुटतो आणि गिऱ्हाईक एकामागून एक पार्ट बदलत राहतं.

आधी मीटरकडे बघा. त्यातला 9 व्होल्टचा सेल उतरला असेल तर स्वस्त मीटर खरं असतं त्यापेक्षा जास्त व्होल्ट दाखवतं. स्क्रीनवर बॅटरीची खूण दिसत असेल तर सेल बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि मीटर प्लगच्या वायरीपासून लांब धरा, नाहीतर स्पार्कमुळे आकडे उड्या मारतात.

मग बॅटरी. गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी किल्ली न लावता टर्मिनलवर व्होल्ट घ्या. 12.7 ते 12.8 म्हणजे भरलेली, 12.4 म्हणजे साधारण पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी, 12.0 च्या खाली म्हणजे उपाशी. गाडी नुकतीच चालवून आल्यावर घेतलेला आकडा धरू नका. चार्जिंगचा वरवरचा व्होल्टेज बराच वेळ रेंगाळतो. त्यानंतर मीटर लावलेला ठेवूनच सेल्फ मारा. आकडा 10 च्या वर राहिला तर उत्तम, 9.6 च्या खाली गेला तर बॅटरी रिकामी आहे किंवा आतून गेलेली आहे. रिकामी असेल तर चार्जरने पूर्ण भरून पुन्हा बघा. अर्ध्या बॅटरीवर चार्जिंगची तपासणी केली की सगळे आकडे फसवे येतात.

आता मुख्य काम. बॅटरी भरलेली, इंजिन गरम, हेडलाइट आणि फॉग दोन्ही चालू, इंजिन अंदाजे 4000 आरपीएमवर. या एकाच स्थितीत चार आकडे घ्या:

एक, बॅटरीच्या प्लस-मायनसवर.
दोन, रेग्युलेटरच्या स्वतःच्या आउटपुट पिनांवर, कपलर न काढता मागून पिन खुपसून.
तीन, मीटरची लाल पिन रेग्युलेटरच्या प्लसवर आणि काळी बॅटरीच्या प्लसवर.
चार, लाल पिन बॅटरीच्या मायनसवर आणि काळी रेग्युलेटरच्या मायनसवर.

तिसऱ्या-चौथ्या आकड्याला व्होल्टेज ड्रॉप म्हणतात. प्लस बाजूचा 0.2 ते 0.3 पर्यंत चालतो, मायनस बाजूचा 0.1 पर्यंत. ताळा सोपा आहे: रेग्युलेटरवरच्या आकड्यातून दोन्ही ड्रॉप वजा केले की बॅटरीवरचा आकडा यायला हवा. येत नसेल तर एखादी पिन नीट टेकलेली नाही किंवा मधेच रेस बदलली. पुन्हा घ्या.

रेग्युलेटरच्या पिनांवरच 13.2 असतील तर मागे, म्हणजे स्टेटर किंवा रेग्युलेटरकडे जायचं. तिथे 14.2-14.4 असून बॅटरीवर 13.0 असतील तर स्टेटरला हात लावायचं कारण नाही. दोष वायरिंगमध्ये आहे.

आणखी एक बघा. इंजिन बंद असताना हॉर्न दबका वाजतो आणि चालू असताना खणखणीत, असं होतं का?

एअर-कूल्ड गाडी उभ्याने रेस करून ठेवताना दोन-तीन मिनिटांवर जाऊ नका, समोर टेबल फॅन लावा, आणि हे काम बंद खोलीत करू नका.

ताम्रतार

स्टेटरवर थोडं सविस्तर लिहितो. रिवाइंडिंगला येणाऱ्या कॉइल प्लेटांत चांगल्या प्लेटाही बऱ्याच असतात आणि ते पाहून वाईट वाटतं.

तीन पिवळ्या वायरींचा कपलर सोडवा. तो जोडलेला असताना ओहम मोजू नका, कारण मीटरला रेग्युलेटरही दिसतो. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा. स्वस्त मीटर 0.2 ते 0.4 ओहम स्वतःचेच दाखवतं, ते लक्षात ठेवून पुढच्या आकड्यातून वजा करा. मग 1-2, 2-3, 1-3 अशा तीन जोड्या मोजा. या वर्गाच्या गाड्यांत वजाबाकीनंतर साधारण 0.2 ते 1 ओहमच्या आत येतं आणि तिन्ही सारखे असतात. पण या तपासणीवर फार विसंबू नका. चार-सहा वेढे आपसात शॉर्ट झाले तर फरक 0.05 ओहमचा पडतो आणि साध्या मीटरला तो दिसतच नाही.

जास्त महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक पिवळी वायर ते इंजिनची बॉडी. इथे मीटरने ‘ओएल’, म्हणजे जोडणीच नाही, असं दाखवायला हवं, तेही 20 मेगाओहमच्या रेंजवर. काहीही आकडा आला तर इनॅमल जळून तार लोखंडाला टेकली आहे. ही तपासणी थंड इंजिनवर करून थांबू नका. अर्धा तास गाडी चालवून आणा आणि लगेच पुन्हा घ्या. इन्सुलेशन कमजोर झालेली वाइंडिंग थंड असताना शहाण्यासारखी वागते आणि तेल तापलं की गळायला लागते. ओळखीच्या मोटार वाइंडिंगवाल्याकडे 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) असेल तर त्यावर निकाल आणखी पक्का लागतो. मेगर लावताना कपलर सुटलेला असलाच पाहिजे, नाहीतर रेग्युलेटर जाईल.

आता एसी व्होल्ट. कपलर सोडलेलाच ठेवा, इंजिन चालू करा, मीटर एसी 200 वर. तीन जोड्या आळीपाळीने. साधारण दर 1000 आरपीएमला 13 ते 20 व्होल्ट मिळतात, म्हणजे 4000 ला 50 ते 80 च्या मध्ये कुठेतरी. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला धरा, पण तिन्ही जोड्या सारख्या येणं हे त्याहून मोलाचं. गाडीला टॅकोमीटर नसेल तर आयडलिंगचा स्क्रू आत फिरवून रेस स्थिर करा आणि तिन्ही जोड्या त्याच रेसवर घ्या. हाताने ॲक्सिलरेटर धरून केलेली तुलना कुचकामी.

मीटरला हर्ट्झ असेल तर आरपीएमही कळतो. 18 दातांच्या स्टेटरसोबत रोटरवर (स्टेटरभोवती फिरणारं मॅग्नेटचं चाक) बहुधा 12 पोल असतात. तसं असेल तर हर्ट्झ गुणिले 10 म्हणजे आरपीएम. 400 हर्ट्झ म्हणजे 4000. यातून दुसरी गोष्टही लक्षात येते: बहुतेक स्वस्त मीटर 400 हर्ट्झपर्यंतच खरं मोजतात, त्यामुळे त्यापुढे रेस वाढवून आलेला आकडा कमी दिसला तरी घाबरू नका.

आकडे वाचायचे कसे? स्टार जोडणीत (तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र जोडलेलं) एक वाइंडिंग तुटली तर एक जोडी ठीक येते आणि दोन जोड्या शून्याजवळ. एका वाइंडिंगचे वेढे शॉर्ट असतील तर एक जोडी चांगली आणि दोन कमी. दोन्ही वेळा दोषी वायर ती, जी त्या दोन्ही वाईट जोड्यांत सामाईक आहे. तिन्ही सारख्या पण कमी असतील तर वाइंडिंगकडे न बघता रोटरचे मॅग्नेट तपासायचे. सुटलेत का, तडकलेत का.

60-70 व्होल्ट एसी आहेत, ओल्या हाताने उघड्या पिनांना हात लावू नका.

रत्नागिरीकर

वरच्या दोघांनी सगळं नेमकं सांगितलंय. मीटर हातात घेण्याआधी डोळ्यांनी आणि बोटांनी करायची तपासणी मी जोडतो, कारण आमच्याकडच्या पावसात आणि खाऱ्या हवेत निम्मे दोष तिथेच सापडतात.

पिवळ्या वायरींचा कपलर उघडा आणि पिनांचा रंग बघा. चांगली पिन चकचकीत पितळी किंवा चंदेरी असते. तापलेली पिन आधी जांभळट-तपकिरी होते, मग काळी पडते, आणि भोवतीचं पांढरं प्लॅस्टिक बिस्किटासारखं पिवळं-तपकिरी होऊन ठिसूळ होतं. वायरीची पीव्हीसी पिनेपासून बोटभर अंतरापर्यंत कडक झाली असेल तर आतली तांब्याची तारही काळी झालेली असते आणि तिच्यावर नवी पिन दाबून उपयोग नसतो. चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापावं लागतं. हिरवा गंज दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि बारीक ब्रश. कानस किंवा जाड पॉलिश पेपर नको, पिनेवरचा मुलामा निघून गेला की ती महिन्याभरात पुन्हा काळी पडते.

तसंच फ्यूज होल्डर, बॅटरीचे थिंबल (वायरीच्या टोकाची बोल्टखाली बसणारी चकती), चासीला बसलेला अर्थचा बोल्ट आणि सेल्फ रिलेचे नट. गाडी वीस मिनिटं चालवून थांबवा आणि एकेका जोडणीला बोट लावा. नुसती वायर कोमट असते. जी जोडणी शेजारच्या वायरीपेक्षा जास्त गरम लागते, तिच्यात काहीतरी आहे. रेग्युलेटरला मात्र बोट लावू नका, तो तापतोच आणि तापायलाच हवा.

जळका कपलर सापडला तर बरेच जण तो कापून तिन्ही पिवळ्या वायरी थेट एकमेकींना सोल्डर करतात. चालतं, आणि ड्रॉप उरत नाही हेही खरं.

ताम्रतार

@रत्नागिरीकर, थेट सोल्डरिंगला माझा विरोध आहे. पुढच्या वेळी स्टेटर तपासायचा तर वायर कापण्याशिवाय मार्ग उरत नाही. शिवाय सोल्डर तारेत जिथपर्यंत झिरपतं, तिथे तार ताठ होते आणि इंजिनच्या थरथरीने बरोबर त्याच रेषेवर तुटते. 6.3 मिलिमीटरच्या जाड पिनांचा, रबर सीलचा कपलर घ्यावा, पिना क्रिंपरने वायरीवर दाबून नीट क्रिंप कराव्यात आणि मागे वायर चासीला टायने बांधावी. रस्त्यात अडकलात आणि दुसरं काही हाताशी नाही, तेव्हा सोल्डर ठीक.

रत्नागिरीकर

थरथरीचा मुद्दा मान्य. पण चांगला क्रिंपर तालुक्याच्या गॅरेजमध्ये मिळत नाही हेही तितकंच खरं. पक्कडीने चेपलेल्या पिनेपेक्षा, दोन्ही बाजूंनी हीट श्रिंक स्लीव्ह चढवून आणि पुढे-मागे वायर बांधून केलेलं सोल्डर जास्त टिकतं. क्रिंपर असेल तर कपलरच.

घाटमाथा_350

सगळ्यांचे आभार. मीटरचा सेल बदलला आणि सांगितलं त्या क्रमाने आकडे घेतले.

बॅटरी रात्रभर उभी: 12.35. सेल्फ मारताना 9.1. चार्जरने पूर्ण भरून रात्रभर ठेवल्यावर 12.8, सेल्फ मारताना 10.6.

इंजिन गरम, हेडलाइट आणि फॉग चालू: रेग्युलेटरच्या पिनांवर 14.3, बॅटरीवर 13.0, प्लस बाजूचा ड्रॉप 1.1, मायनस बाजूचा 0.2.
फॉग बंद: रेग्युलेटरवर 14.4, बॅटरीवर 13.8, प्लस 0.5, मायनस 0.1.

स्टेटर, कपलर सोडून, अंदाजे 4000 ला: थंड असताना 58, 57, 58. गरम असताना 54, 54, 53. बॉडीला तिन्ही वायरी थंड-गरम दोन्ही वेळा ओएल. पिवळ्या वायरींच्या पिना स्वच्छ.

आणि हो, इंजिन बंद असताना हॉर्न दबका वाजतो. मी तो हॉर्नचाच दोष समजत होतो.

सहा_डायोड

ताळा जुळला: 14.3 वजा 1.1 वजा 0.2, बरोबर 13.0. स्टेटर ठणठणीत, रेग्युलेटरही आपलं काम करतोय. दोष रेग्युलेटरच्या प्लस पिनेपासून बॅटरीच्या प्लसपर्यंतच्या हातभर वाटेत आहे.

रेग्युलेटर स्वतःच्या पिनांवरचे व्होल्ट बघतो. तिथे 14.3 झाले की त्याच्या लेखी बॅटरी भरत आली, आणि तो जादा वीज स्टेटरकडेच शॉर्ट करून जिरवतो. बॅटरीला 13.0 मिळतायत हे त्याला कळायला मार्ग नाही. 13.0 वर लेड-ॲसिड बॅटरी भरत नाही, जेमतेम टिकून राहते. महिनोन्‌महिने अशी अर्धपोटी राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि नवी बॅटरीही वर्षात जुनी होते.

फॉगचा संबंध बघा. तुमच्या वर्णनावरून रेग्युलेटरची लाल वायर हार्नेसमध्ये (गाडीच्या वायरींच्या जुडग्यात) जिथे जुळते, तिथून हेडलाइट, इग्निशन वगैरे घेतलंय, आणि मेन फ्यूज त्या जोडापासून बॅटरीच्या वाटेवर आहे. म्हणजे हेडलाइटचा करंट फ्यूजमधून जातच नाही. फॉग मात्र थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून, त्यामुळे त्यांचा करंट फ्यूज ओलांडूनच येतो. 40 वॅट भागिले 13, म्हणजे 3 अँपिअर. त्यात बॅटरीत जाणारा थोडा, असे साडेतीन. फॉग लावले की ड्रॉप 0.5 वरून 1.1 वर उडी मारतो तो यामुळे. इंजिन बंद असताना हॉर्नचा करंट त्याच वाटेने उलटा, बॅटरीकडून हार्नेसकडे जातो, म्हणून हॉर्न दबतो. सेल्फची जाड वायर या वाटेवर नाही. सेल्फ बसतो तो निव्वळ बॅटरी अर्धी असल्यामुळे.

आता त्याच स्थितीत, फॉग चालू ठेवून, वाटेचे तुकडे पाडा. मीटर डीसी व्होल्टवर, दोन्ही पिना एकेका जोडणीच्या अलीकडे-पलीकडे: रेग्युलेटरचा कपलर, तिथून फ्यूज होल्डरच्या आत येणाऱ्या पिनेपर्यंत, फ्यूज होल्डरच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत, आणि पुढे बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनलपर्यंत. शेवटची पिन थिंबलवर टेकवू नका, शिशावरच टेकवा. थिंबल आणि टर्मिनल यांच्या मधलाच सांधा खराब असेल तर तो निसटतो. बेरीज 1.1 यायला हवी.

घाटमाथा_350

कपलर 0.12, वायर 0.10, फ्यूज होल्डर 0.76, पुढचा भाग 0.12. बेरीज 1.10.

फ्यूज काढून पाहिला. 15 अँपिअरचा पत्ती फ्यूज, एक पाय तपकिरी आणि होल्डरची त्या बाजूची पिन फाकलेली. प्लॅस्टिक थोडं वितळून फ्यूजला चिकटलं होतं. फ्यूजचं आतलं तार शाबूत आहे, बीप वाजतो.

सहा_डायोड

सापडला. बीपवर जाऊ नका, बीप तर 20-30 ओहमपर्यंतही वाजतो. इथे सगळा घोटाळा 0.2 ओहमचा आहे. 0.76 गुणिले साडेतीन, म्हणजे पावणेतीन वॅट उष्णता त्या फाकलेल्या पिनेच्या टोकावर सतत. पिन तापते, तिचा ताण जातो, पकड आणखी सैल होते, ती आणखी तापते. हा दोष आपोआप वाढतच जातो.

पिन पक्कडीने चेपून तोच होल्डर ठेवू नका, तापलेल्या पितळेत स्प्रिंग उरत नाही. झाकणवाला, वॉटरप्रूफ इनलाइन होल्डर घ्या, ज्याची स्वतःची वायर किमान 2.5 चौरस मिलिमीटर आहे. बाजारात बारीक वायरीचे होल्डर सर्रास मिळतात, ते नको. फ्यूज गाडीला मूळ जितक्या अँपिअरचा सांगितलाय तितक्याचाच. थोडा मोठा टाकला तर बरं, असं कुणी सांगेल. ऐकू नका, फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. जुन्या वायरीची कडक झालेली टोकं चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा. काम करताना बॅटरीचा मायनस आधी सोडा आणि शेवटी जोडा.

मायनसचे 0.2 पण सोडू नका. अर्थचा बोल्ट काढून थिंबलखालचा रंग आणि गंज बारीक पॉलिश पेपरने खरवडा, बोल्ट घट्ट करा, वरून पेट्रोलियम जेली. जेली आवळल्यानंतर वरून लावायची.

नवा_गडी

इथेच विचारतो. माझ्या 150 सीसीला उलट त्रास आहे. रेस केली की बॅटरीवर 15.4 जातात, बल्ब उडतात. रेग्युलेटर डायोड रेंजवर तपासला तर सगळं बरोबर येतं. मग रेग्युलेटर चांगला धरायचा का?

सहा_डायोड

नाही. डायोड तपासणीतून फक्त रेक्टिफायरचा, म्हणजे एसीचं डीसी करणारा, अर्धा भाग कळतो. तीन फेजच्या युनिटची रीत अशी: काळी पिन युनिटच्या प्लसवर ठेवून लाल पिन एकेका पिवळीवर, 0.4 ते 0.6 यायला हवं, पिना उलटवल्या की ओएल. मग लाल पिन युनिटच्या मायनसवर आणि काळी एकेका पिवळीवर, पुन्हा 0.4 ते 0.6, उलट केलं की ओएल. दोन्हीकडून शून्याजवळ आलं तर तो डायोड शॉर्ट आहे. असं युनिट स्टेटर जाळू शकतं आणि गाडी उभी असताना बॅटरीही उतरवतं. छोट्या गाड्यांतल्या एक फेजच्या युनिटांची आतली रचना वेगळी असते, तिथे मॅन्युअलमधला तक्ताच बघावा लागतो. पण व्होल्टेज कुठे अडवायचं हे ठरवणारं सर्किट कुठल्याही युनिटमध्ये डायोड रेंजवर तपासता येत नाही. ते चालत्या इंजिनवरच कळतं.

15.4 असतील तर युनिट बदलण्याआधी दोन गोष्टी. पहिली, युनिटचा अर्थ: इंजिन चालू असताना युनिटची बॉडी ते बॅटरी मायनस आणि युनिटची काळी किंवा हिरवी वायर ते बॅटरी मायनस, दोन्ही 0.1 च्या आत हवेत. दुसरी, सेन्सची वायर. काही गाड्यांत किल्लीच्या स्विचनंतरून एक बारीक वायर युनिटला जाते आणि तो तीच बॅटरी समजून बघतो. स्विचच्या आत एक व्होल्टचा ड्रॉप असेल तर युनिटला 14.4 दिसतात आणि प्रत्यक्ष बॅटरीला 15.4 जातात. त्या वायरीवर आणि बॅटरीवर एकाच वेळी किती येतात ते बघा. दोन्ही ठीक निघाले तर युनिट बदला. तोवर गाडी जास्त चालवू नका. सीलबंद बॅटरीतलं पाणी उडालं की परत भरता येत नाही. कुजक्या अंड्याचा वास आला किंवा बॅटरीच्या बाजू फुगल्या तर ती काढून ठेवा, तिच्याजवळ ठिणगी नको.

आणि लिथियम फॉस्फेटची बॅटरी बसवली असेल तर आधी सांगा. तिला 14.6 च्या वर अजिबात चालत नाही.

रत्नागिरीकर

@नवा_गडी, एक सक्त सूचना. बॅटरी काढून, नुसत्या किकवर इंजिन चालवून तपासायची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. बीएस-6 गाडीत तर कधीच करू नका. व्होल्टेजचे झटके गिळायला बॅटरी नसते आणि ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कंप्युटर) जातो. ईसीयूपुढे रेग्युलेटरची किंमत काहीच नाही.

घाटमाथा_350

होल्डर आणि अर्थ दोन्ही केलं. गरम इंजिन, हेडलाइट, फॉग चालू: रेग्युलेटरवर 14.3, बॅटरीवर 14.05, प्लस ड्रॉप 0.2, मायनस 0.05. हॉर्न इंजिन बंद असतानाही खणखणीत.

शेवटचा प्रश्न. बॅटरीच्या मायनसमध्ये मीटर घालून पाहिलं तर किल्ली बंद असताना 38 मिलिअँपिअर जातायत. हा ट्रॅकरचा करंट म्हणून सोडून द्यावा का?

ताम्रतार

आधी ट्रॅकरचा फ्यूज काढून बघा. आकडा 1-2 मिलिअँपिअरवर आला तर सगळं ट्रॅकरचंच. आला नाही तर रेग्युलेटरचा कपलर सोडा, मग फॉगच्या रिलेचा, एकेक करत. ज्याने आकडा पडेल तो चोर. मायनस जोडल्यावर ट्रॅकर आधी जागा होतो, म्हणून पाच-दहा मिनिटं थांबून आकडा धरा. सुरुवात नेहमी 10 अँपिअरच्या रेंजवर करा आणि मीटर मधे असताना किल्ली फिरवू नका, सेल्फचं बटण तर नाहीच. मीटरचा फ्यूज लगेच उडतो.

38 मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला 0.9 अँपिअर-तास. भरलेल्या 14 च्या बॅटरीतून दोन रात्रींत दहावा हिस्सा जातो, सेल्फला कळणारही नाही. पूर्वी बॅटरी कायम अर्धीच असायची म्हणून तेवढ्यानेही ती बसत होती. पण आठवडाभर गाडी उभी राहिली तर सहाच्या वर जातात, जवळजवळ निम्मी बॅटरी. गावाला जाताना ट्रॅकरचा फ्यूज काढणार असाल तर प्रश्न नाही. ट्रॅकर चालूच हवा असेल तर फ्लोट चार्जर जोडून ठेवा, 13.5-13.6 चा.

अर्धपोटी राहिलेल्या या बॅटरीला एकदा सावकाश भरा: 1.4 अँपिअरच्या आसपास, 14.4 व्होल्टच्या मर्यादेवर, करंट अर्ध्या अँपिअरच्या खाली उतरेपर्यंत. मग चार्जर काढून एक दिवस, ट्रॅकर सुटा ठेवून, तशीच राहू द्या. दुसऱ्या दिवशी 12.7 च्या वर दिसले तर बॅटरी वाचली. 12.5 च्या खाली आले तर दुकानात लोड टेस्टरवर लावून घ्या, वॉरंटी असेतोवर.